वेब फॉर्ममध्ये भरलेली संख्या कशी तपासावी : नवोदितांसाठी मार्गदर्शक

वेब फॉर्मच्या रकान्यात माणूस जे टंकतो ते प्रोग्रामला स्ट्रिंग म्हणून, म्हणजे चिन्हांची एक ओळ म्हणून मिळते. रकान्यात ‘२५’ दिसत असले तरी प्रोग्रामच्या लेखी ती ‘२’ आणि ‘५’ अशी दोन चिन्हे असतात. या चिन्हांपासून संख्या बनवणे आणि ती आपल्या कामाची आहे याची खात्री करून घेणे, हे काम एका तयार फंक्शनने उरकेल असे जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला वाटते. प्रत्यक्षात भाषेतील प्रत्येक तयार फंक्शनची ‘संख्या’ची व्याख्या वेगळी असते आणि त्यांपैकी एकही व्याख्या तुमच्या फॉर्मचा विचार करून केलेली नसते. म्हणून आधी आपली व्याख्या रकान्यागणिक ठरवायची आणि मगच फंक्शन निवडायचे, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

उदाहरणासाठी सोयाबीन खरेदीची नोंद घेणारा एक फॉर्म डोळ्यांसमोर ठेवू. त्यात मोबाइल क्रमांक, पिन कोड, बँक खाते क्रमांक, गट क्रमांक, जमिनीचे क्षेत्र, पोत्यांची संख्या, क्विंटलमधील वजन, प्रति क्विंटल दर आणि मागील बाकी असे रकाने आहेत. लेखात आकडे आणि फंक्शनांची नावे देवनागरीत छापली आहेत. कोडमध्ये ही नावे अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत, आणि वेगळे सांगितले नसेल तेथे उदाहरणातील इनपुट इंग्रजी अंकांत टंकलेले आहे असे समजावे.

लागणारी साधने

- कोणताही अद्ययावत ब्राउझर आणि त्याचा कन्सोल, म्हणजे जावास्क्रिप्टच्या ओळी तेथल्या तेथे चालवून पाहण्याची खिडकी. बहुतेक संगणकांवर एफ१२ कळ दाबली की तो उघडता येतो.
- कोड लिहिण्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर.
- मराठी कीबोर्ड असलेला एक मोबाइल फोन. याची गरज तिसऱ्या पायरीला कळेल.
- चाचणीच्या मूल्यांची एक फाइल. ती आजच तयार करावी. तिच्यात काय लिहायचे ते शेवटच्या पायरीत दिले आहे.

१. रकान्यात संख्या आहे की नुसती अंकांची ओळ, हे ठरवा

ज्या मूल्याची बेरीज, गुणाकार किंवा लहान-मोठी तुलना करायची असते ते मूल्य म्हणजे संख्या. दोन मोबाइल क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, त्यामुळे मोबाइल क्रमांक ही संख्या नव्हे. पिन कोड आणि बँक खाते क्रमांक यांचेही तसेच आहे. हे रकाने शेवटपर्यंत स्ट्रिंग म्हणूनच ठेवावेत आणि त्यांचा केवळ आकार तपासावा: मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, तर पिन कोड सहा अंकी असून शून्याने सुरू होत नाही.

हा भेद पाळला नाही तर नुकसान गुपचूप होते. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर संख्येत रूपांतर होताच ते शून्य गळून पडते. खाते क्रमांक लांब असेल तर आणखी एक अडचण येते. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांकच खात्रीने अचूक साठवू शकते. त्यापुढचा ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा दिला तर शेवटी ३ च्या जागी २ येतो आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही.

गट क्रमांकात ‘४५/२अ’ असे हिश्श्याचे चिन्ह येऊ शकते, म्हणून तोही स्ट्रिंगच. क्षेत्राच्या रकान्याचा मात्र अधिक विचार करावा लागतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत असते, आणि माणूस ते ‘१.२०.५०’ असे जसेच्या तसे उतरवून काढतो. त्याचा अर्थ १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर, म्हणजे १.२०५० हेक्टर. पार्सफ्लोट या फंक्शनला हीच ओळ दिली तर ते दुसऱ्या टिंबाशी थांबून १.२ एवढे परत करते आणि ५० चौरस मीटर जमीन नोंदीतून नाहीशी होते. माझ्या मते येथे तीन वेगळे छोटे रकाने द्यावेत, आर आणि चौरस मीटर यांना ० ते ९९ ही मर्यादा घालावी आणि बेरीज प्रोग्रामने करावी.

उरले पोत्यांची संख्या, वजन, दर आणि बाकी. या चारांसाठी पुढील तक्ता कागदावर भरून घ्यावा: पूर्णांकच हवा की दशांश चालेल, दशांशानंतर किती स्थळे, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, ऋण चालेल का, शून्य चालेल का, रिकामे चालेल का. फॉर्म ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारूनच हा तक्ता भरावा, कारण मागील बाकी शून्य असणे स्वाभाविक आहे आणि दर शून्य असणे अशक्य आहे, हे कोडकडे पाहून समजत नाही.

२. एचटीएमएलमधील रकान्याचा प्रकार निवडा

एचटीएमएलमध्ये ‘नंबर’ प्रकारचा रकाना आहे आणि नवशिका स्वाभाविकपणे तोच निवडतो. त्याचे काही गुण ठाऊक असावेत. त्याची पायरी, म्हणजे दोन ग्राह्य मूल्यांतील अंतर, मूळची १ असते, त्यामुळे ‘स्टेप’ हा गुणधर्म न बदलता १२.५ क्विंटल लिहिले की ब्राउझर ते अग्राह्य ठरवतो. रकान्यात कर्सर असताना माउसचे चाक फिरले तर काही ब्राउझरांत आकडा नकळत बदलतो. सर्वांत त्रासदायक बाब अशी की लिहिलेला मजकूर ब्राउझरला संख्या वाटला नाही तर जावास्क्रिप्टला त्या रकान्याचे मूल्य रिकामे मिळते. माणसाने काहीच लिहिले नाही की चुकीचे लिहिले, हा फरक मग ‘व्हॅलिडिटी’मधील ‘बॅडइनपुट’ तपासल्याशिवाय कळत नाही, आणि त्याने नेमके काय लिहिले होते ते तर कळतच नाही.

या कारणांसाठी मी साधा ‘टेक्स्ट’ प्रकारचा रकाना घेतो आणि त्याला ‘इनपुटमोड’ हा गुणधर्म देतो: पूर्णांकासाठी ‘न्यूमेरिक’, दशांशासाठी ‘डेसिमल’. मोबाइलवर त्यामुळे अंकांचा कीबोर्ड उघडतो आणि मजकूर मात्र जसाच्या तसा हाती येतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची रचनापद्धती सांभाळणाऱ्या गटानेही २०२० मध्ये अशाच अडचणींमुळे ‘नंबर’ प्रकाराऐवजी हा मार्ग सुचवला होता. इनपुटमोडमुळे चुकीची अक्षरे अडत नाहीत, तो केवळ कीबोर्ड सुचवतो, हे विसरू नये.

३. मजकूर स्वच्छ करा

मराठी माणसांसाठी फॉर्म लिहिताना सर्वाधिक काळजी या पायरीवर घ्यावी, असे मला मनापासून वाटते. एखाद्याने ‘१२५’ असे देवनागरी अंकांत लिहिले तर ती संख्याच आहे. जावास्क्रिप्टचे नंबर हे फंक्शन मात्र त्याचे उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, असे देते, आणि ओळीतून पूर्णांक काढणारे पार्सइंट हे फंक्शनही तेच करते. मराठीत चालणाऱ्या फॉर्मने मराठी अंक नाकारावेत, हे वापरणाऱ्याला अपमानास्पद वाटते आणि ते टाळणे अजिबात अवघड नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी शून्य ते नऊ हे अंक २४०६ ते २४१५ या सलग क्रमांकांवर आहेत. रिप्लेस फंक्शनने असे प्रत्येक चिन्ह शोधावे, त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करावेत आणि मिळालेला अंक त्या जागी ठेवावा. अर्धे अंक मराठीत आणि अर्धे इंग्रजीत असले तरी हा उपाय लागू पडतो.

त्यानंतर मोकळ्या जागा काढाव्यात. ट्रिम हे फंक्शन दोन्ही टोकांच्या सर्वसाधारण मोकळ्या जागा काढते. परंतु शून्य रुंदीच्या अदृश्य खुणा, ज्या जोडाक्षरांसाठी मराठी लिखाणात वापरल्या जातात आणि कॉपी-पेस्ट करताना सोबत येतात, त्या ट्रिमने जात नाहीत. युनिकोडमधील ८२०३, ८२०४ आणि ८२०५ हे तीन क्रमांक स्वतंत्रपणे काढून टाकावेत. आकडा डोळ्यांना अचूक दिसत असूनही नाकारला जात असेल तर प्रथम याच खुणांचा संशय घ्यावा.

स्वल्पविरामाच्या बाबतीत घाई करू नये. ‘१,२५,०००’ ही आपली रोजची लिहिण्याची पद्धत आहे. नंबर तिला नॅन म्हणते आणि पार्सफ्लोट तिचे उत्तर १ देते, जे कितीतरी अधिक घातक आहे. यावर सगळे स्वल्पविराम सरसकट पुसून टाकण्याचा उपाय बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. तो मला मान्य नाही, कारण कोणी ‘१२,५’ लिहून साडेबारा म्हणू पाहत असेल तर त्याचे १२५ होतात. जर्मनीसारख्या देशांत तर दशांशासाठी स्वल्पविरामच वापरतात. म्हणून स्वल्पविराम योग्य जागी असतील तरच काढावेत. शेवटच्या गटात तीन अंक, त्याआधीच्या प्रत्येक गटात दोन आणि पहिल्या गटात एक किंवा दोन, ही भारतीय मांडणी. सगळीकडे तीन-तीनचे गट आणि पहिल्यात एक ते तीन, ही पाश्चात्त्य मांडणी. या दोन्हींपैकी एकीतही न बसणारा स्वल्पविराम असेल तर अंदाज न बांधता माणसालाच विचारावे.

रकमेच्या रकान्यात सुरुवातीचे रुपयाचे चिन्ह आणि शेवटचे ‘/-’ काढण्याची सोय ठेवावी, कारण पावतीवर लिहिण्याची सवय असलेला माणूस ‘५००/-’ असेच लिहितो. याहून अधिक काही दुरुस्त करू नये. ‘१२ पोती’ यातला ‘पोती’ हा शब्द पुसून १२ घेणे सोयीचे वाटते. परंतु त्याच नियमाने ‘१२ किंवा १५’ चे १२१५ होऊ शकतात.

४. रूपांतराआधी आकार तपासा

स्वच्छ झालेली ओळ अजून स्ट्रिंगच आहे. तिचा आकार नियमित पदावलीने, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनने, तपासावा. पोत्यांसाठी नमुना असा: ओळीचा आरंभ, शून्य ते नऊपैकी एक ते चार अंक, ओळीचा शेवट. वजनासाठी: आरंभ, एक ते चार अंक, त्यानंतर ऐच्छिक भाग म्हणून एक टिंब आणि एक किंवा दोन अंक, शेवट. आरंभ आणि शेवट यांच्या खुणा नमुन्यात नसतील तर ‘अबक१२’ यातले ‘१२’ सापडताच तपासणी यशस्वी ठरते, आणि हा सापळा फार सामान्य आहे. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायलाही विसरू नये, अन्यथा ते कोणत्याही चिन्हाशी जुळते.

ही पायरी गाळून थेट रूपांतर केले तर काय घडते ते कन्सोलवर करून पाहावे. ‘२ई३’ असे लिहिले, म्हणजे दोनानंतर इंग्रजी ई आणि तीन, तर नंबर त्याचे २००० करते, कारण ती घातांकाची मान्य लेखनपद्धती आहे. शून्य आणि एक्स यांनी सुरू होणारी षोडशमान संख्याही ते निमूटपणे स्वीकारते. भाषेच्या दृष्टीने यात गैर काही नाही, पण सोयाबीनचे वजन असे कोणी लिहित नाही.

५. रूपांतर करा आणि निकाल पारखा

येथे फंक्शनांचे स्वभाव नीट समजून घ्यावेत.

पार्सइंट आणि पार्सफ्लोट ही फंक्शने ओळीच्या सुरुवातीपासून जेवढे संख्येसारखे दिसते तेवढे घेतात आणि उरलेले सोडून देतात. ‘१२अबक’ चे १२, ‘१२.३४.५६’ चे १२.३४. तपासणीसाठी ती वापरूच नयेत. पार्सइंटला स्ट्रिंगऐवजी संख्या दिली तर आणखी विचित्र प्रकार घडतो: ०.०००००५ च्याही दहापट लहान असलेली ०.००००००५ ही संख्या दिली की उत्तर ५ येते, कारण ती आधी घातांकाच्या रूपातील स्ट्रिंग बनते आणि तिच्यातला पहिला अंक तेवढा घेतला जातो.

नंबर हे फंक्शन संपूर्ण ओळ पाहते, म्हणून ते अधिक विश्वासाचे आहे. त्याचा मोठा दोष एकच: रिकाम्या ओळीचे, केवळ मोकळ्या जागांच्या ओळीचे आणि ‘नल’चेही, म्हणजे ‘मूल्यच नाही’ या खुणेचेही, उत्तर ते शून्य देते. दर भरायचा राहिला आणि नोंद शून्य रुपयांची झाली, असे घडू शकते. रिकामेपणाची तपासणी म्हणूनच रूपांतराआधी वेगळी करावी.

‘संख्या आहे का’ या प्रश्नाला उत्तर म्हणून इजनॅन हे फंक्शन अनेक धड्यांत सांगितलेले असते. ते दिलेल्या मूल्याचे आधी रूपांतर करते आणि मग पाहते, त्यामुळे रिकामी ओळही त्याच्या लेखी संख्याच ठरते. हे कळल्यावर नवशिका त्याच्या जागी २०१५ च्या आवृत्तीत आलेले नंबर.इजनॅन वापरतो आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतो: हे फंक्शन रूपांतर करत नाही, म्हणून ‘अबक’ ही स्ट्रिंग दिली तरी ते ‘नॅन नाही’ असेच सांगते. नॅनची थेट तुलनाही निरुपयोगी आहे, कारण संगणकातील दशांश संख्यांच्या मानकानुसार नॅन स्वतःशीही समान नसते, आणि टाइपऑफने विचारले तर त्याचा प्रकार ‘नंबर’ असाच कळतो.

त्यामुळे सुरक्षित क्रम असा: ओळ रिकामी नाही हे पाहावे, आकार जुळवावा, नंबरने रूपांतर करावे आणि आलेल्या निकालावर नंबर.इजफायनाइट चालवावे. ते नॅन आणि अनंत ही दोन्ही नाकारते. पूर्णांकच हवा असेल तर नंबर.इजसेफइंटिजर घ्यावे; वर सांगितलेली अचूकतेची मर्यादाही त्यात तपासली जाते.

६. मर्यादा तपासा

मर्यादेची अट नेहमी स्वीकाराच्या बाजूने लिहावी: वजन किमानाइतके किंवा अधिक आणि कमालाइतके किंवा कमी असेल तरच पुढे जावे. ‘किमानाहून कमी किंवा कमालाहून अधिक असेल तर नाकारावे’ ही अट वाचायला सारखीच वाटते. परंतु नॅनशी केलेली कोणतीही लहान-मोठी तुलना असत्य ठरते, म्हणून नॅन अशा नकाराच्या अटीतून सहीसलामत पुढे जाते.

मागील बाकीसारख्या रकान्यात शून्य वैध असेल तर ‘मूल्य असेल तर’ अशी नुसती अट लिहू नये. जावास्क्रिप्ट शून्याला असत्य मानते आणि ज्याची बाकी खरोखर शून्य आहे त्याचाच फॉर्म अडून राहतो.

रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत, साठवाव्यात. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत बहुधा तंतोतंत मावत नाहीत: १९.९९ ला १०० ने गुणले तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येते आणि दशांश भाग कापून टाकला की एक पैसा जातो. आकार तपासलेल्या ओळीचे टिंबाशी दोन भाग करावेत, पैशांचा भाग दोन अंकी करून घ्यावा आणि मग दोन्ही भागांचे पूर्णांक करावेत.

७. सर्व्हरवर सर्व तपासण्या पुन्हा करा

ब्राउझरमधील तपासणी माणसाच्या सोयीसाठी असते. ती टाळून सर्व्हरला थेट विनंती पाठवणे कोणालाही शक्य आहे, त्यामुळे नोंद स्वीकारण्याचा निर्णय सर्व्हरनेच घ्यावा.

सर्व्हरवर पीएचपी ही भाषा असेल तर तिच्यातील इज_न्यूमेरिक हे फंक्शन घातांकाचे रूप स्वीकारते, आणि आवृत्ती ८.० पासून शेवटी मोकळी जागा असलेली ओळही स्वीकारू लागले आहे. पूर्णांकासाठी फिल्टर_व्हार चांगले. मात्र ते यशस्वी झाल्यावर संख्याच परत करते, म्हणून उत्तर शून्य आले तर अपयश समजले जाऊ नये यासाठी असत्याशी तुलना तीन बरोबर-चिन्हांनी करावी. देवनागरी अंक पीएचपीची ही फंक्शने घेत नाहीत, त्यामुळे तिसरी पायरी सर्व्हरवरही लिहावी लागते.

पायथनमध्ये इंट आणि फ्लोट ही फंक्शने देवनागरी अंक आपणहून समजून घेतात, ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट. पण फ्लोट ‘नॅन’ आणि ‘इन्फ’ हे रोमन लिपीतील शब्दही स्वीकारते, तेव्हा मॅथ.इजफायनाइट वापरावे. इजडिजिटवर विसंबू नये: वर्गाच्या चिन्हातील लहान २ ला ते अंक म्हणते आणि इंट त्याच चिन्हावर त्रुटी देते. इजडेसिमल हे योग्य फंक्शन आहे.

८. चूक सांगण्याची आणि आकडा दाखवण्याची पद्धत

प्रत्येक कळ दाबताना तपासणी करू नये, कारण ‘१२.५’ लिहिणारा माणूस काही क्षण ‘१२.’ वर असतोच. रकाना सोडल्यावर तपासावे. संदेशात काय हवे ते उदाहरणासह लिहावे: ‘वजन क्विंटलमध्ये लिहा, उदाहरणार्थ १२.५’. माणसाने लिहिलेला मजकूर पुसू नये.

आकडा परत दाखवताना जावास्क्रिप्टच्या इंटल.नंबरफॉरमॅटला मराठी-भारत हा लोकेल, म्हणजे भाषा आणि देश सांगणारी खूण, दिला तर १२५००० चे ‘१,२५,०००’ असे देवनागरी अंकांतील सुंदर रूप मिळते. हे रूप पडद्यापुरतेच ठेवावे. रकान्यात तेच बसवून नंतर त्याचेच रूपांतर करू गेले, आणि तिसरी पायरी लिहिलेली नसेल, तर आपल्याच प्रोग्रामने लिहिलेला आकडा आपलाच प्रोग्राम नाकारतो.

९. चाचणीची फाइल चालवा

प्रत्येक संख्या-रकान्यासाठी पुढील मूल्ये फाइलमध्ये असावीत आणि प्रत्येकासमोर अपेक्षित निकाल लिहिलेला असावा:

- रिकामी ओळ, आणि केवळ मोकळ्या जागा
- शून्य, उणे एक, किमान, कमाल, आणि कमालाहून एक अधिक
- ‘००७’, ‘१२.’, ‘.५’, ‘१२.५०५’, ‘१.२०.५०’
- ‘१,२५,०००’, ‘१२५,०००’, ‘१२,५’
- तेच आकडे देवनागरीत, आणि अर्धे देवनागरी अर्धे इंग्रजी
- घातांकाचे व षोडशमान रूप, आणि ‘नॅन’ व ‘इन्फिनिटी’ हे रोमन लिपीतील शब्द
- शून्य रुंदीची खूण चिकटलेला आकडा
- ‘५००/-’, ‘१२ पोती’
- वर्डमधून उतरवलेले लांब उणे चिन्ह, जे कीबोर्डवरील आडव्या रेघेहून वेगळे असते

ही फाइल ब्राउझर आणि सर्व्हर या दोन्हींकडे चालवावी आणि निकाल शेजारी ठेवून पाहावेत. एकाने स्वीकारलेले मूल्य दुसरा नाकारत असेल तर प्रथम तिसऱ्या पायरीतील स्वच्छता दोन्हीकडे एकाच क्रमाने होते का ते तपासावे; देवनागरी अंक बदलण्याआधी आकार तपासला गेला असेल, तर फरक बहुधा तेथेच सापडतो.